बारीचा वाघ

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ब्राँझचा एक वाघ आहे. पंजाखाली दाबलेल्या सुसरीच्या अंगात त्याने दात रोवले आहेत. ही सुसर आपल्या गंगेची. तिचं फ्रेंच नाव ‘गाविआल’ म्हणजे हिंदी ‘घडियाल’चाच अपभ्रंश; नराच्या नाकाडावर घड्यासारखा फुगवटा असतो, त्यावरून ते हिंदी नाव पडलं.

आंत्वान-लुई बारीने हा वाघ १८३१च्या ‘सालों’ या सरकारी प्रदर्शनात मांडला, तेव्हा फ्रेंच कलेत विषयांची उतरंड पक्की होती. देवदेवता आणि वीरपुरुष वर, जनावरं तळाशी. वाघाला पदक मिळालं, तरी जनावरं घडवणाऱ्यांना टीकाकार ‘आनिमालिए’ म्हणून हिणवू लागले.

बारी सोनाराचा मुलगा. पोरवयातच तो धातूवर कोरायला शिकला. वाघसिंहांचे धडे मात्र त्याने ‘जार्दां दे प्लांत’च्या प्राणिबागेत गिरवले. चित्रकार देलाक्रवाच्या जोडीने तो तिथे रेखाटनं करी. एखादं जनावर मेलं की त्याची हाडं, स्नायू मोजून टिपून ठेवी. म्हणूनच त्याच्या वाघाच्या कातडीखाली स्नायू ताणलेला जाणवतो.

१८३७मध्ये सालोंने त्याचे शिकारीचे देखावे नाकारले. ऑर्लिअन्सच्या ड्यूकच्या मेजासाठी घडवलेलं ते काम होतं. बारीने १८५०पर्यंत सालोंची पायरी चढली नाही. त्याने स्वतःचा ओतकारखाना काढला आणि घरातल्या फडताळावर मावतील असे छोटे ब्राँझ विकायला काढले. ओतीव तुकड्यावर छिन्नी फिरवणं, त्यावर हिरवट-तपकिरी झाक चढवणं, यावर त्याची स्वतःची नजर असे. इतकी मेहनत धंद्याला परवडेना. १८४८मध्ये दिवाळं निघालं आणि त्याचे नमुने काही वर्षं धनकोकडे गेले.

मान मिळाला तो पुढे. १८५४मध्ये तो ‘जार्दां दे प्लांत’च्याच संग्रहालयात प्राणिचित्रणाचा प्राध्यापक झाला. तरुण शिल्पकार रोदॅं तिथे त्याच्याकडे शिकला. १८६८मध्ये कला अकादमीनेही त्याला सदस्य करून घेतलं.

१८७५मध्ये बारी गेला. पुढच्या वर्षी त्याच्या नमुन्यांचा लिलाव झाला आणि त्यातले बरेचसे बार्बेदिएन या ओतकाराने घेतले. त्यामुळे बारीच्या ब्राँझना दोन कुळं आहेत: एक त्याच्या नजरेखालचं, दुसरं त्याच्या पश्चातलं. जाणकार आधी बैठकीवरचा शिक्का पाहतो, मग स्नायूंच्या कडांवरून बोट फिरवतो.

‘आनिमालिए’ हा शब्द आज एका मानाच्या शिल्पपरंपरेचं नाव आहे. त्यासाठी बारीने टीकाकारांशी वाद घातला नाही. तो हाडं मोजत राहिला.