कलेक्टरची खुर्ची कुठे ठेवायची?

मागच्या व्याख्यानात आपण रिपनच्या १८८२ च्या ठरावापर्यंत आलो होतो. त्यातून मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं आली, पण जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष सुरुवातीला कोण? तर कलेक्टरच! म्हणजे सत्ता लोकांना दिली, आणि खुर्चीवर साहेब तसाच बसून राहिला. ही खुर्ची आज आपण लक्षात ठेवूया.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तीन पायऱ्यांची रचना सुचवली. खरा कारभार तालुक्याच्या, म्हणजे विकास गटाच्या पातळीवर. वर जिल्हा परिषद, पण ती सल्ला देणारी, देखरेख करणारी. आणि तिचा अध्यक्ष? पुन्हा कलेक्टर.

महाराष्ट्राने हे जसंच्या तसं घेतलं नाही. १९६० मध्ये राज्य झालं आणि लगेच महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीचं म्हणणं असं की, तालुका फार लहान पडतो. तज्ज्ञ माणसं, पैसा, यंत्रणा हे सगळं पेलायचं तर जिल्हाच हवा. मग जिल्हा परिषद बळकट करायची, सदस्य थेट निवडून आणायचे, आणि कलेक्टरला बाहेर ठेवायचं. आमदार-खासदारांनाही बाहेरच. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ ला परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, जिल्ह्यातले रस्ते, शेतीच्या योजना त्यांच्याकडे गेल्या. कलेक्टरकडे महसूल आणि कायदा-सुव्यवस्था राहिली. परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारीच, पण अध्यक्ष लोकांनी निवडून दिलेल्यांपैकी. 'मिनी मंत्रालय' हे नाव उगाच नाही पडलं. आर. आर. पाटलांसारखी माणसं इथेच कारभार शिकून पुढे विधानसभेत गेली.

आता गंमत बघा. जिल्ह्याचा विकास आराखडा कोण ठरवणार? १९७० च्या दशकात नियोजनासाठी जिल्ह्यात वेगळं मंडळ आलं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, आणि राज्याने १९९८ मध्ये जिल्हा नियोजन समितीचा कायदा केला. तिचा अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव कलेक्टर. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष त्यात एक सदस्य. बहुसंख्य सदस्य निवडून आलेले असतात, हे खरं. पण बैठक कोण बोलावतो, कागद कोण तयार करतो, हे ज्यांनी एखादी साधी सोसायटी चालवली आहे त्यांना सांगायला नको. नाईक समितीने कलेक्टरला पुढच्या दाराने बाहेर काढलं होतं. तो मागच्या दाराने आला, आणि सोबत मंत्रीही आला. आमच्या मते विकेंद्रीकरण इथे जास्त आटलं. शाळा आणि रस्ते जिल्हा परिषदेकडेच राहिले, पण त्यांच्यासाठीचा बराच पैसा दुसऱ्या टेबलावरून येऊ लागला.

आणि २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, सभागृहं रिकामी झाली. प्रशासक म्हणून काम पाहू लागले ते मुख्य कार्यकारी अधिकारी. सभागृहाने ज्याच्याकडे हिशेब मागायचा, तोच सभागृह झाला. गावच्या शाळेचं गळकं छप्पर घेऊन जाणाऱ्या माणसाला मग हक्काने गाठता येईल असा सदस्यच उरला नाही.