दुचाकी परवान्याची चाचणी : नियम, पूर्वतयारी आणि निकष

लखनौ : मोटारसायकल चालविण्याच्या परवान्यासाठी घेतली जाणारी चाचणी अनेक उमेदवारांना केवळ औपचारिकता वाटते. प्रत्यक्षात २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडलेल्या १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींपैकी सुमारे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या, असे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे चाचणीची तयारी ही रस्त्यावरील सुरक्षिततेचीच तयारी ठरते.

अर्ज कोठे करावा?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार अर्जदार ज्या राज्यात सामान्यतः राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथे परवान्यासाठी अर्ज करता येतो. लखनौच्या रायबरेली मार्गालगतच्या वृंदावन योजनेसारख्या वसाहतीत शिक्षण किंवा नोकरीनिमित्त वास्तव्यास असलेल्या मराठी व्यक्तीला त्यासाठी महाराष्ट्रात परतावे लागत नाही. ‘सारथी’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि मिळालेला परवाना देशभर ग्राह्य असतो.

वय आणि वाहनाचा प्रकार

गिअर असलेल्या मोटारसायकलसाठी किमान वय १८ वर्षे आहे. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती सवलत आहे. सर्वत्र दिसणाऱ्या ११० किंवा १२५ सीसी स्कूटरना ती लागू नाही. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. चाचणी ज्या प्रकारच्या वाहनावर दिली जाते, त्याच प्रकारचा परवाना मिळतो. गिअर नसलेल्या स्कूटरवर उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला गिअरची मोटारसायकल चालविता येत नाही.

शिकाऊ परवाना

वाहतूक चिन्हे, नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये आणि रेल्वे फाटकावरील दक्षता यांवरील प्रश्नांपैकी किमान ६० टक्के उत्तरे बरोबर असावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर लावणे बंधनकारक आहे. सोबत परवानाधारक शिक्षक असणेही आवश्यक असून, त्याच्याव्यतिरिक्त कोणालाही मागे बसविता येत नाही.

चाचणीत काय पाहिले जाते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये निकष दिले आहेत. सुरक्षितपणे निघणे, योग्य वेळी गिअर बदलणे, चढावर मागे न घसरता थांबून पुन्हा निघणे, आरशात पाहून इशारा देणे, मार्गिका बदलणे आणि आणीबाणीत वाहन थांबविणे यांचा त्यात समावेश होतो. मैदानावर बहुतेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात दुचाकी चालवून दाखवावी लागते.

वेग कमी होताच दुचाकीचा तोल अवघड होतो आणि बहुसंख्य उमेदवार येथेच पाय टेकतात. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून, थ्रॉटल स्थिर ठेवून आणि मागचा ब्रेक हलकेच वापरून वेग राखावा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास वाहन कलंडते. रोज रिकाम्या मैदानात अर्धा तास असा सराव केल्यास हात बसतो.

चाचणीस येताना हेल्मेट, शिकाऊ परवाना, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र सोबत ठेवावे. ब्रेक, इंडिकेटर व आरसे आधीच तपासावेत.

अनुत्तीर्ण झाल्यास

सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीनदा अपयश आल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट देण्याची तरतूद १ जुलै २०२१ पासून लागू आहे.

वयाच्या तिशीआधी मिळालेला परवाना ४० वर्षे पूर्ण होईपर्यंत वैध राहतो. मुदत संपल्यानंतर वर्षभरात नूतनीकरण न केल्यास चाचणी पुन्हा द्यावी लागते.