सपाट जागेची गोष्ट

डोंगराळ शहरात सगळ्यात महाग गोष्ट कोणती? टू बीएचके? पार्किंग? माझं उत्तर आहे, सपाट जमीन. पुण्याच्या विमानतळाचा गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा इतिहास हा मला तरी सपाट जमिनीच्या शोधाचाच इतिहास वाटतो.

आता कोणी म्हणेल, पुणं कसलं डोंगराळ, ते काय सिमला आहे? मान्य. पण एकदा नकाशा बघा. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची, पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला सिंहगडची रांग आणि गावात मध्येच पर्वती, वेताळ टेकडी, चतुःशृंगी. मुंबईहून यायचं तर बोरघाट, साताऱ्याहून यायचं तर कात्रज, सासवडहून दिवे घाट. पूर्वेची बाजू मात्र मोकळी. आमच्या केजहून येणारी एसटी त्याच बाजूने येते, त्यामुळे पुण्यात शिरताना तिला घाट लागत नाही :)

ही मोकळी बाजू इंग्रजांनी बरोबर हेरली. १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि पेठांच्या पूर्वेला कॅम्प उभा राहिला. लष्कराला परेडसाठी, छावणीसाठी सपाट जागा लागते, ती तिकडेच होती. पुढे १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, आणखी थोडं पुढे लोहगावला धावपट्टी झाली. लोहगाव म्हणजे तुकोबांचं आजोळ. तिथे विमानतळ आला तो पुणेकरांनी दिल्ली-बंगलोर करावं म्हणून नाही, तर मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. गंमत म्हणजे त्याच १९३९ साली कोल्हापूरला राजाराम महाराजांनी आपल्या संस्थानाचा विमानतळ सुरू केला होता. तो त्या गावासाठी होता. पुण्याचा पहिल्या दिवसापासून लष्कराचा.

स्वातंत्र्यानंतर तळ भारतीय हवाई दलाकडे आला. १९९७ मध्ये देशातली पहिली सुखोई-३० विमानं दाखल झाली ती इथेच. आपण ज्याला 'पुणे एअरपोर्ट' म्हणतो तो या तळाच्या कडेला प्रवाशांसाठी दिलेला कोपरा आहे. धावपट्टी एकच, लांबी सुमारे अडीच किलोमीटर, आणि तिच्यावर पहिला हक्क हवाई दलाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर दुसऱ्याचा, आपण नुसते गेस्ट युजर. ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी रात्रीची विमानं बंद झाली आणि २०२१ मध्ये १६ ते २९ ऑक्टोबर विमानतळ पूर्णच बंद राहिला. एवढ्या मोठ्या शहराला दोन आठवडे विमान नाही!

आणि शहर तर थांबायला तयार नाही. २००१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेत साधारण २५ लाख माणसं होती, २०११ मध्ये ३१ लाख. पिंपरी-चिंचवड त्याच दहा वर्षांत १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं. यात हिंजवडी, खराडीला नोकरीसाठी आलेले आपण सगळे आलो. लोहगावच्या आजूबाजूला एवढी घरं झाली की एका भागाचं नावच विमाननगर पडलं. म्हणजे धावपट्टी लांबवायची तर आता जागा विकत घ्यावी लागते, आणि पूर्वी शेत होतं तिथे आता सोसायट्या. जुलै २०२४ मध्ये नवीन टर्मिनल सुरू झालं, छान आहे. २०२४-२५ मध्ये प्रवासी एक कोटीच्या वर गेले. पण टर्मिनल कितीही मोठं बांधा, धावपट्टी तीच. बॉटलनेक जागच्या जागी.

मग नवीन विमानतळ का नाही बांधत? इथे परत डोंगर आडवा येतो. चाकणचं नाव बरीच वर्षं चाललं, मग राजगुरुनगरचं. तो भाग डोंगराळ म्हणून मागे पडला. डोंगर कापून वर धावपट्टी करता येते, पण त्याची किंमत आपण पाहिली आहे. २०१० मध्ये मंगळूरला आणि २०२० मध्ये कोळिकोडला विमान धावपट्टी ओलांडून खाली गेलं. दोन्ही ठिकाणी धावपट्टी टेबलासारख्या टेकडीवर. शिवाय जागा जितकी उंच आणि हवा जितकी गरम तितकी हवा विरळ, आणि तितकी धावपट्टी लांब लागते. थोडक्यात, भरपूर लांब आणि खरोखर सपाट जागा हवी.

ती सापडली पुरंदर तालुक्यात, दिवे घाट चढून वर गेल्यावर जे पठार लागतं तिथे. २०१६ मध्ये घोषणा झाली. सात गावं : पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. यातलं खानवडी महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. सुरुवातीला सुमारे २८०० हेक्टर जमीन घ्यायची होती. मध्ये जागा बदलायचं ठरलं, ते बारगळलं आणि गाडी परत याच सात गावांवर आली. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी सुरू झाली तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, लाठीमार झाला. नंतर क्षेत्र बरंच कमी केलं, विकसित जमिनीतला काही हिस्सा परत द्यायची योजना मांडली, आणि त्याच वर्षी बहुतेक जमीनमालकांनी संमती दिली.

ही जमीन पडीक नाही हो. पर्जन्यछायेतला तालुका, पण अंजीर आणि सीताफळ तिथलंच. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. उपसा योजनेतून मुळा-मुठेचं पाणी वर चढवून तिथल्या काही बागा जगतात. म्हणजे आपण पुण्यात वापरून सोडलेलं पाणी डोंगर चढून तिथे जातं आणि अंजीर होऊन आपल्याकडे परत येतं.

मला हा विषय जरा लागतो, कारण आमच्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. जमिनी इकडच्या खेड्यांच्या पाण्याखाली गेल्या आणि नळ लातूर शहराचे चालले. २०१६ मध्ये हेच धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. धरणात कोणाचं शेत गेलं हे मात्र कोणी विचारलं नाही. धरण नको होतं का? हवंच होतं. पण ज्याची जमीन गेली त्याला मोबदला एकदाच मिळाला, आणि शहराला फायदा दरवर्षी मिळत राहिला. खटकतं ते एवढंच.

दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तो पुण्यातच सापडला होता. हडपसरला मगर आणि इतर शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर सपाट जमीन बिल्डरला विकली नाही. सगळ्यांनी मिळून कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा, आणि २००० च्या सुमारास मगरपट्टा सिटी उभी राहू लागली. आज आपल्यातले कितीतरी जण तिथे कामाला जातात. त्या ऑफिसांचं भाडं आलं की वाटा जमीनवाल्याच्या घरीही जातो.

विमानतळ म्हणजे टाऊनशिप नाही, हे कळतं. तिथे हवाई दल आहे, केंद्र सरकार आहे, हजार परवानग्या आहेत. पण पार्किंग, गोदामं, हॉटेलं, टॅक्सीचे ठेके, दुकानं यातून पैसा वर्षानुवर्षं येत राहणार. त्यात खानवडी-पारगावच्या माणसाचा कायमचा वाटा का असू नये? कागदावर संमती मिळाली म्हणजे हा प्रश्न संपला असं मला वाटत नाही. विमान पकडायला दिवे घाट चढून जायची वेळ येईल तेव्हा आपण पासपोर्ट घेतला की नाही ते बघूच. जाता जाता रस्त्याच्या कडेला अंजीर विकायला कोण बसलंय, आणि त्याची बाग आता कुठे आहे, तेही विचारू.