एका ग्रंथातील दोन भाषा : मराठी ज्यू घरातील सण, गाणी आणि वाचन

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी औंध संस्थानाचे कारभारी होते खानबहादूर जेकब बापूजी इस्रायल. आज सातारा जिल्ह्यात असलेले औंध आणि सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी व कुंडल ही गावे तेव्हा याच संस्थानात मोडत. त्यांच्या नावातील ‘जेकब’ बायबलमधील, तर ‘बापूजी’ इथल्या मातीतील. अशी नावे धारण करणाऱ्या मराठी ज्यू घरांत काय शिजत असे, काय गायले जाई आणि काय वाचले जाई, याविषयी हा थ्रेड.

२/ हा समाज म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलघाण्याचा व्यवसाय धरला. शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद राही, त्यामुळे शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर.

३/ शतकानुशतके या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हते. ‘शमा’ ही एक हिब्रू प्रार्थना तेवढी मुखोद्गत होती. जन्म, विवाह, संकट, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई. सुंता, शनिवारची विश्रांती आणि आहाराचे नियम मात्र कटाक्षाने पाळले जात. ग्रंथ नसलेल्या या धर्माचे जतन माजघरात आणि स्वयंपाकघरात झाले.

४/ सणांची नावे पाहिली की हे अधिक उमगते. वर्षारंभाचा सण ‘नव्याचा सण’ झाला. योम किप्पूरच्या दिवशी दारे लावून घरात उपवास करायचा, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला गेला. ‘सण’ हा शब्द हिंदू शेजाऱ्यांचा, ‘रोजा’ मुसलमान शेजाऱ्यांचा, आणि स्मरण मात्र जेरुसलेमचे.

५/ मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, हा ज्यूंचा नियम. कोकणाने त्यावर सोपा तोडगा दिला : नारळाचे दूध. नव्याच्या सणाला गव्हाचा चीक काढून, तो नारळाच्या दुधात आटवून हलवा करण्याची रीत पडली. शब्बाथच्या आशीर्वादासाठी द्राक्षारस हवा. तो नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केले जाई. बेदाण्याचे सौदे रोज पाहणाऱ्या सांगली-तासगावच्या वाचकाला ही युक्ती चटकन पटेल.

६/ घरातील सर्वांत आनंदाचा विधी म्हणजे मलिदा. पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर आणि सुकामेवा एकत्र कालवून ताटात रचायचे, सोबत फळे ठेवायची आणि एलियाहू हनबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांचे स्मरण करायचे. लग्न ठरले, नवस फेडायचा आहे, नव्या घरात पाऊल टाकायचे आहे, की मलिदा होई. जगातील इतर ज्यू समाजांना या रूपात हा विधी ठाऊक नाही.

७/ पुढे ग्रंथ आले, तेही मराठीतून. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग उभारले. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी शाळा स्वीकारल्या, व्याकरण स्वीकारले, मराठी बायबलही वाचले. धर्म मात्र क्वचितच कोणी सोडला. उलट त्याच विद्येच्या बळावर ते आपल्या परंपरेकडे अधिक जाणतेपणाने वळले.

८/ जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला.

९/ या वाचनाचे सर्वांत हृद्य रूप हग्गादा या ग्रंथात दिसते. वल्हांडणाच्या रात्री सारे कुटुंब जेवणाभोवती जमते. सर्वांत लहान मूल विचारते, ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ मग वडीलधारे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा ग्रंथातून वाचून दाखवतात. हे सारे मुलासाठी असते. त्याला भाषाच कळली नाही, तर प्रश्नही व्यर्थ आणि उत्तरही.

१०/ म्हणून हिब्रू-मराठी हग्गादा निघाली : १८४६ मध्ये मुंबईत, १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या आवृत्तीतील एका चित्रात स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्यांचा पेहराव भारतीय आहे आणि त्या जमिनीवर बसून काम करीत आहेत. मिसरमधून सुटलेल्यांची कथा वाचताना मुलाला समोर दिसत होती ती स्वतःची आई-आजी.

११/ वाचता न येणाऱ्यांसाठी कान होते. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल कीर्तने सुरू झाली. आख्यान अब्राहाम, योसेफ किंवा मोशेचे. साकी, दिंडी, ओवी या चाली मात्र महाराष्ट्राच्या. स्त्रियांनी हीच गाणी देवनागरीत वह्यांमध्ये उतरवून घेतली आणि घरगुती समारंभांत गायिली.

१२/ १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे हळूहळू इस्रायलला गेली. तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेण्यात आली. लढा द्यावा लागला आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानले. सामानातून गाण्यांच्या वह्याही गेल्या होत्या. पुढे तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. औंधच्या कारभाऱ्यांचे चिरंजीव बेंजामिन जे. इस्रायल यांनी समाजाचा इतिहास लिहिला, तो इंग्रजीत.

१३/ १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा उघडणाऱ्या मुलाला तिच्यातील मराठी समजत असे आणि हिब्रू परकी वाटे. त्याच्या इस्रायलमध्ये वाढलेल्या पणतवंडाला त्याच ग्रंथातील हिब्रू सहज वाचता येते. परके वाटते ते देवनागरी. जो मजकूर घरातल्या लहानग्याला कळावा म्हणून छापला, त्याचाच अर्थ आता कोणीतरी त्याला सांगावा लागतो.

१४/ मलिद्याचे ताट मात्र आजही रचले जाते, ठाण्यातही आणि इस्रायलमध्येही. पोहे आणि ओले खोबरे कालवायला भाषांतराची गरज पडत नाही.

(समाप्त)