पेन्शनच्या यादीत बाई

हैदराबादचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखालचा हा भाग त्या वर्षी निजामाकडे परत आला आणि त्याला नवे नाव मिळाले. अंमल बदलला, पण चाकरीनंतरच्या पोटगीची रीत इंग्रज आणि निजाम या दोन्ही अमलांहून जुनी. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या लेकरांना बालपरवेशी, म्हणजे संगोपनासाठी पोटगी, मिळे. पुढे कंपनी सरकारने पेन्शन आणली. या साऱ्या व्यवस्थांत कमावता पुरुष हे मूळ, आणि बाई त्याच्या मागे उरलेली. हा धागा धरून आपण पुढे येऊ.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ सरकारी नोकर वारला की विधवेला फार तर काही वर्षे आधार मिळे. १ जानेवारी १९६४ पासून केंद्राची कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली आणि विधवेला हयातभराचा हक्क मिळाला. मात्र त्या तारखेआधी विधवा झालेल्या बाया बाहेरच राहिल्या. डिसेंबर १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने नकारा खटल्यात सांगितले, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. त्यानंतर १९८५ च्या पूनमल खटल्यात त्या जुन्या विधवांनाही न्याय मिळाला. दोन दशकांची ही वाट होती.

दुसरी वाट लढ्यातून आली. सुलतान बाजारात आर्य समाज १८९२ पासून आहे. १९३८-३९ च्या निजामाविरुद्धच्या हैदराबाद सत्याग्रहात आर्य समाजी तुरुंगात गेले, आणि पुढे तो लढाही केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी मान्य झाला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या त्या पेन्शनची अट सहा महिन्यांच्या कारावासाची. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ती तीन महिन्यांवर आणली गेली. सवलत योग्यच होती. पण भूमिगतांना भाकरी बांधून देणाऱ्या, चिठ्ठी पोहोचवणाऱ्या बाईचे नाव तुरुंगाच्या नोंदवहीत येणार कसे? पुरावा कागदाचा, आणि कागद बहुतेक पुरुषांच्या नावे.

खासगी नोकरीत हीच गोष्ट गणितातून येते. नोव्हेंबर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात आणि किमान दहा वर्षे लागतात. १५,००० रुपये पगार धरू. सलग तीस वर्षे नोकरी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला, वीस वर्षांपुढच्या सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षे मिळवून, महिना ६,८५७ रुपये पडतात. बाळंतपण, आजारपण, सासूची सेवा यांत नोकरी सुटलेल्या बाईची बारा वर्षे भरली, तर २,५७१. नऊच भरली तर मासिक पेन्शन नाही. नियमात स्त्री-पुरुष असा भेद कुठेच लिहिलेला नाही. तो सेवेच्या वर्षांच्या अटीतून आपोआप घडतो.

तेलंगणाने २०१४ मध्ये ‘आसरा’ पेन्शन आणली. वृद्ध आणि विधवांबरोबर पुढे विडी वळणाऱ्या, आणि २०१७ पासून एकट्या राहणाऱ्या महिलाही तीत आल्या. २०१९ मध्ये रक्कम १,००० वरून २,०१६ रुपये झाली. यात विडीवाली तेवढी स्वतःच्या कामामुळे हक्कदार ठरते. विधवा आणि एकटी बाई नवरा नसल्यामुळे. जर्मनीने १९८६ पासून मूल वाढवण्याचा काळ पेन्शनच्या हिशेबात धरला. आपल्याकडे कर्मचारी पेन्शन योजनेत ही दुरुस्ती झाली पाहिजे, कारण घरातली ती वर्षे रिकामी गेलेली नसतात. तोवर दुकानात, कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येक बाईने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दहा वर्षे भरण्याआधी नोकरी सोडताना पेन्शनचे पैसे काढून घेऊ नयेत, योजना प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुन्हा नोकरी धरली की मागची वर्षे त्यात जोडली जातात.