तासांचा हिशेब नसलेला स्टुडिओ

१९५६ च्या सुरुवातीला डेका कंपनीने टेक्सासमधल्या लबक गावच्या एका एकोणीस वर्षांच्या गायकाशी करार केला. बडी हॉली त्याचं नाव. त्या वर्षी नॅशव्हिलमध्ये ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत त्याची तीन वेळा रेकॉर्डिंग झाली. तिथे तीन तासांची बैठक ठरलेली असे आणि तेवढ्या वेळात तीन-चार गाणी उरकायची असत. जुलैमधल्या बैठकीत ‘दॅटल बी द डे’ हे हॉली आणि त्याचा ड्रमर जेरी ॲलिसन यांनी रचलेलं गाणंही झालं, पण पट्टी इतकी वरची की गळा ताणलेला स्पष्ट ऐकू येतो. कंपनीने ते गाणं बाजूला ठेवलं. निघालेल्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत, आणि वर्ष संपताच करारही संपला.

हॉलीचं नशीब मग लबकपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात उघडलं. नॉर्मन पेटी हा तिथला वादक. स्वतःच्या वाद्यवृंदाच्या कमाईतून त्याने तिथे स्टुडिओ उभारला होता. मोठ्या शहरांतले स्टुडिओ तासावर पैसे लावत, पेटी गाण्यावर लावायचा. एका गाण्याला एक रात्र लागो की तीन, दर तोच. ध्वनिमुद्रण बहुधा रात्रीच चाले, कारण दिवसा बाहेरच्या रस्त्यावरून ट्रकची घरघर सुरू असे.

२५ फेब्रुवारी १९५७ ला हॉलीने तिथे ‘दॅटल बी द डे’ पुन्हा गायलं. या वेळी पट्टी खालची होती आणि लय मोकळी. पण डेकासाठी रेकॉर्ड केलेली गाणी पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी गायची नाहीत, अशी अट जुन्या करारात होती. म्हणून तबकडीवर हॉलीचं नाव न घालता ‘द क्रिकेट्स’ हे बँडचं नाव घातलं. न्यूयॉर्कमधल्या रेकॉर्ड कंपनीतल्या बॉब थील याला गाणं आवडलं आणि मे महिन्यात ते ब्रन्सविक लेबलवर बाजारात आलं. ब्रन्सविक ही डेकाचीच उपकंपनी! सप्टेंबरमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्येही.

घाई नसली की कान किती बारकाईने काम करतो, हे त्या वर्षीच्या क्लोव्हिसच्या गाण्यांतून कळतं. ‘एव्हरीडे’मध्ये ड्रम नाहीत. ॲलिसन मांडीवर थापा मारतो आणि पेटीची पत्नी व्हाय सेलेस्टा वाजवते. ‘नॉट फेड अवे’चा ठेका ॲलिसनने पुठ्ठ्याच्या खोक्यावर धरला. ‘वर्ड्स ऑफ लव्ह’मध्ये टेपवर टेप चढवून हॉली स्वतःच्याच आवाजाला स्वतः साथ करतो.

‘पेगी स्यू’ची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी. ॲलिसनच्या ड्रमची गडगड एवढी होती की त्याला बाहेरच्या खोलीत बसवावं लागलं. पेटी प्रतिध्वनी सारखा चालू-बंद करत राहिला, त्यामुळे ड्रमचा आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. सोलोची जागा आली की गिटारचा आवाज बदलायला हवा होता, पण त्या झपाट्याच्या ठेक्यात हॉलीला हात काढून गिटारवरचा स्विच फिरवणं शक्य नव्हतं. मग निकी सलिव्हन हा दुसरा गिटारवादक त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि ऐन वेळी त्याने तो स्विच फिरवला. तासावर पैसे मोजणाऱ्या स्टुडिओत असे प्रयोग करून बघायची उसंत कुणाला मिळाली असती?

या मोकळीकीची किंमतही मोठी होती. पेटी निर्माता होता, तसा मॅनेजरही झाला. बहुतेक गाण्यांवर सहगीतकार म्हणून त्याचं नाव लागलं. ‘पेगी स्यू’च्या सुरुवातीच्या तबकड्यांवर तर गीतकार म्हणून ॲलिसन आणि पेटी होते, हॉली नव्हताच. पैशांचे व्यवहारही पेटीच्याच हातात होते.

१९५८ मध्ये हॉलीने लग्न केलं आणि न्यूयॉर्कला बिऱ्हाड केलं. २१ ऑक्टोबरला त्याने पिथियन टेंपलमधल्या स्टुडिओत डिक जेकब्सच्या वाद्यवृंदाबरोबर, व्हायोलिनच्या साथीने चार गाणी गायली. ‘ट्रू लव्ह वेज’ त्यांतलंच. स्टुडिओतली ही त्याची शेवटची बैठक. वर्षअखेर तो पेटीपासून वेगळा झाला, पण पैसे अडकूनच राहिले, आणि उत्पन्नासाठी त्याने ऐन हिवाळ्यातला मध्य-पश्चिमेचा दौरा पत्करला. बसमधला हीटर बंद पडत होता. एका ड्रमरचे पाय हिमदंशाने सुजले. शेवटी आयोवात क्लिअर लेकच्या कार्यक्रमानंतर हॉलीने छोटं विमान भाड्याने घेतलं. ३ फेब्रुवारी १९५९ ला मध्यरात्रीनंतर ते कोसळलं. हॉली, दौऱ्यातले गायक रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन, आणि वैमानिक, कुणीही वाचलं नाही. हॉली बावीस वर्षांचा होता.

ग्रीनिच व्हिलेजमधल्या घरी त्याने टेपरेकॉर्डरवर केवळ गिटारच्या साथीने काही नवी गाणी टिपून ठेवली होती. कंपनीने आणि पुढे पेटीने त्यांवर इतर वादकांची साथ चढवून ती विकली. क्लोव्हिसमधल्या ‘दॅटल बी द डे’च्या ध्वनिमुद्रणापासून पिथियन टेंपलपर्यंतचं सारं काम मात्र अवघ्या वीस महिन्यांचं आहे. स्वतःची गाणी रचणारा, स्वतःच वाजवणारा चार जणांचा संच ही कल्पना ब्रिटनच्या पोरांनी त्यातूनच उचलली. लिव्हरपूलच्या ‘क्वॉरीमेन’नी १९५८ मध्ये पदरचे पैसे घालून आपली पहिली तबकडी काढली, तेव्हा एका बाजूला ‘दॅटल बी द डे’ होतं. गाणारा होता जॉन लेनन. १९६४ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’नी ‘नॉट फेड अवे’ गाजवलं आणि त्याच वर्षी ‘बीटल्स’ झालेल्या क्वॉरीमेननी ‘वर्ड्स ऑफ लव्ह’ रेकॉर्ड केलं.