आजारपणाला आणि मयताला धावून येणारी माणसे

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझे शिक्षण दहावी नापास. जे काय वाचले ते गिरणीच्या पाळ्या सांभाळून, वाचनालयात बसून आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून पुस्तके आणून. पण मग विचार केला, मोठ्या सभांचा आणि मोर्चांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांचा, मयताच्या घरी पहिला चहा घेऊन जाणाऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार? तो कुठे असलाच तर वर्गणीच्या वहीत असतो, आणि त्या वह्या वाळवी खाते.

सुरुवात प्लेगपासून करतो. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून पळाली. गिरण्यांत माणूस मिळेना. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोगाचा कायदा केला. घरझडत्या सुरू झाल्या, आजाऱ्याला उचलून न्यायचे, सामान जाळायचे. लोक एवढे घाबरले की घरातला आजारी माणूस लपवू लागले. इस्पितळात नेला तो परत येत नाही, अशी बोलवा होती. अशा वेळी औषध हाताशी असूनही उपयोग काय? आधी ओळखीचा माणूस लागतो. "चल, मी आहे बरोबर" असे म्हणणारा.

असा माणूस गिरणगावात होता. नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ चा जन्म, ठाण्याचा. स्वतः मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र त्यांनी मुंबईहून चालवले, १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आज आपण रविवारची सुट्टी उपभोगतो ती त्यांच्या खटपटीने १० जून १८९० ला गिरणी कामगारांच्या पदरात पडली. हे सगळे आपल्या लोकांना थोडेफार ठाऊक असते. पण शेवट ठाऊक नसतो. प्लेग आला तेव्हा लोखंडे पळाले नाहीत. रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल काढण्यात पुढे झाले, रोग्यांत वावरले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला त्याच प्लेगने गेले. वय पन्नासच्या आत.

त्यानंतर अवघ्या २९ दिवसांनी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीमाई गेल्या. त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत लष्करी नोकरीतून रजेवर आले आणि हडपसरच्या बाजूला माळावर माय-लेकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग आजारी असल्याचे कळले. सावित्रीमाईंनी त्या पोराला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. पोर वाचले, माई गेल्या. डॉ. यशवंतही पुढे काही वर्षांनी प्लेगच्या साथीतच रोग्यांची सेवा करताना वारले.

पुण्याच्या प्लेगचा विषय निघाला की शाळेच्या पुस्तकात रँडसाहेबाचा खून येतो, तो यावाच. पण मुंढवा ते हडपसर ही वाट येत नाही, आली तर एका ओळीत. मला त्या वाटेचे फार वाटते. ज्याची सावली टाळायचे त्या वस्तीतल्या पोराला, तेही प्लेगच्या गाठी आलेल्या, ६६ वर्षांच्या बाईने पाठीवर घेतले. भगवान बुद्धांनी आणि आनंदाने अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. या वाटेवर दुसरे काय घडले?

नंतरच्या काळातले भराभर सांगतो. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, परळला रात्रशाळा, वाचनालये, दवाखान्याची कामे केली. तिच्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात केली. गाडगेबाबांनी मात्र एक गोष्ट ओळखली जी डॉक्टरांनाही पटकन सुचत नाही. गावाकडचा रोगी मुंबईला येतो तेव्हा पहिला प्रश्न औषधाचा नसतो, रात्री आडवे कुठे व्हायचे हा असतो. जे. जे. इस्पितळाजवळ बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, दादरची धर्मशाळा टाटा इस्पितळाच्या कॅन्सरच्या रोग्यांना आसरा देते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५६ च्या डिसेंबरात ६ तारखेला बाबासाहेब गेले, २० तारखेला गाडगेबाबा. १४ दिवसांचे अंतर.

आता आपल्या घरचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यात. मी तेव्हा शाळेत. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात आण्णांना टीबी निघाला आणि शिवडीच्या इस्पितळात ठेवले. घरात विकायला राहिले होते ते एक तांब्याचा हंडा. तेव्हा आमच्या रत्नागिरीकडच्या गावाचे मंडळ होते, चाळीत एक खोली आणि एक पत्र्याची पेटी एवढाच त्याचा पसारा. पेटीतली माणसेही संपातलीच, त्यांच्याकडे तरी काय असणार? पण डबा आला. पाळी लावून आला. कोणाच्या घरची भाकरी, कोणाच्या घरची डाळ, हे आई डब्याच्या झाकणावरून ओळखायची. आण्णा गेले त्या रात्री पांढरे कापड, बांबू, मडके, सगळे कोणी आणले ते आईला शेवटपर्यंत कळले नाही. जलदान विधीला पंगत बसली तिचाही हिशोब आमच्याकडे कोणी मागितला नाही.

हे लिहिल्यावर दुसरे पण लिहिले पाहिजे, नाहीतर ते खोटे होईल. पुढे मी गिरणीत बदली म्हणून लागलो आणि बिऱ्हाड मालाडला डोंगराच्या अंगाला आणले. इथल्या एका मंडळाचा (नाव लिहीत नाही) मी खजिनदार झालो. महिना १० रुपये वर्गणी, सहा महिने थकली तर मयत फंडातून मदत नाही, असा नियम. नियम मीच लिहिलेला, अक्षर माझे. १९९८ च्या पावसाळ्यात एक बाई दारात आली. नाक्यावर काम करणारा तिचा नवरा गेला होता. मी वही उघडली. आठ महिने थकलेले. ती म्हणाली, "भाऊ, पावती मागाहून फाडा, आज माणूस पडलाय." मी नियम वाचून दाखवला.

शेवटी गल्लीतल्या बायकांनी पदराला बांधलेले पैसे सोडून मयत उचलले. त्यांच्यात दोघी मुसलमान होत्या, एक उत्तरेकडची भाजीवाली. त्यांना नियमबियम काही ठाऊक नव्हते. आमच्या पेटीत त्या दिवशी २,३०० रुपये होते. पुढच्या मीटिंगला तो नियम खोडला, पण ती बाई तोवर पोरांना घेऊन गावाला निघून गेली होती.

फंड कोणाचा, त्यातून कोणाला द्यायचे, हे वाद आजही होतात. होऊ देत. पण २ जुलै २०१९ च्या पहाटे कुरार भागात पिंपरीपाड्याला भिंत पडून तीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा वस्तीतल्या कोणी विचारले नाही तू कुठल्या मंडळाचा. अंधारात, पाण्यात, शेजाऱ्यांनी हाताने चिखल उपसला. आपल्या विहारातल्या सतरंज्या आणि चादरी सकाळी सहाच्या आत तिकडे गेल्या, त्यातल्या निम्म्या परत आल्या नाहीत आणि त्या मागायला कोणी गेले नाही. १३ मार्च २०२३ ला आप्पापाड्याला आग लागून हजाराच्या आसपास झोपड्या जळाल्या, तेव्हा आपल्या महिला मंडळाने तीन दिवस खिचडी शिजवली. जळालेल्यांना सगळ्यात जास्त काय लागत होते म्हणाल, तर रेशन कार्ड आणि आधारची कागदे पुन्हा काढायला बरोबर येणारा माणूस. आपल्या मुलांनी फॉर्म भरून दिले. खिचडीचे फोटो निघाले, फॉर्मचे कोणी काढले नाहीत.

विहाराच्या पोटमाळ्यावर आज तिरडीचे बांबू, दोन मोठे टोप, एक चाकाची खुर्ची आणि दोन कुबड्या आहेत. ज्याला लागतील त्याने न्याव्या, अनामत नाही. १९९० ते २००५ पर्यंतच्या मदतीच्या वह्या मात्र सापडत नाहीत. ज्यांच्या घरी जुन्या पावत्या, वही, हिशोबाचा कागद असेल त्यांनी रविवारी सकाळच्या वंदनेनंतर आणून द्यावा. नाव विसरले असेल तर नुसते तोंडी सांगितले तरी चालेल, मी लिहून घेईन. त्या १९९८ च्या मयताला पैसे देणाऱ्या बायकांपैकी मला फक्त तिघींची नावे मिळाली आहेत.